रिलेशनल की एकच मोठा तक्ता? गावच्या दूध संस्थेचं सॉफ्टवेअर करतोय, सल्ला हवा

करवीरचा_कोडर

मंडळी, नोकरी पुण्यातल्या कंपनीत, पण वर्षभर घरूनच काम चालू आहे. घर म्हणजे करवीर तालुक्यातलं गाव. पोरगा दिवसभर लॅपटॉपसमोर बसलेला दिसतो म्हटल्यावर गावच्या दूध संस्थेच्या सचिवकाकांनी धरलंच: "आमचं एक्सेल लय जड झालंय, बघ की जरा."

बघितलं. सभासद २४०. प्रत्येकाची एक ओळ. पुढे दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, आणि दर वेळेचे लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) असे तीन रकाने. म्हणजे ६० रकाने इथेच झाले. त्यानंतर एकूण, दर, पेंडीची कपात, उचल, देय रक्कम. दर दहा दिवसांनी जुनी फाईल कॉपी करून नवी करायची. फोल्डरमध्ये 'बिल फायनल', 'बिल फायनल २' आणि 'बिल फायनल खरं' अशा तीन फाईली एकाच तारखेच्या सापडल्या.

आता हे रिलेशनल डेटाबेसमध्ये, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या वेगवेगळ्या टेबलांत न्यावं (सभासद, संकलन, दरपत्रक, कपात अशी सहा-सात टेबलं होतील), की तक्ता आहे तसा ठेवून वर एक बरा फॉर्म बसवावा? काकांना तक्ता तोंडपाठ आहे. आणि मी उद्या बेंगळुरूला गेलो तर ती सहा टेबलं कोण सांभाळणार?

गंगावेस_कट्टा

आधी सांगा, दूध म्हशीचं की गायीचं? बाकी चर्चा नंतर.

करवीरचा_कोडर

दोन्ही. आणि खरी गोम तिथेच आहे. ज्यांच्याकडे म्हैस आणि गाय दोन्ही आहेत त्यांच्या काकांनी दोन ओळी केल्यात. 'बाळासो पाटील' आणि खाली 'बाळासो पाटील गाय'.

गंगावेस_कट्टा

बाळासो पाटील गाय 😂😂 मतदार यादीत नाव आलं नाही म्हणजे मिळवली.

फॉक्सप्रो_आजोबा

१९९० नंतरची बरीच वर्षं आम्ही तालुक्यातल्या दूध संस्था आणि पतसंस्थांना फॉक्सप्रो या डेटाबेसमध्ये प्रोग्रॅम करून दिले. सभासद डॉट डीबीएफ, दूध डॉट डीबीएफ, दर डॉट डीबीएफ, प्रत्येक टेबलाची एक फाईल. सेट रिलेशन या आज्ञेने त्या जोडल्या की झालं. तेव्हा कुणी 'रिलेशनल घेऊ का' म्हणून विचारलं नाही, कारण मशीनची मेमरी इतकी कमी की ६० रकाने घेऊन मिरवणं परवडायचंच नाही.

खोटं कशाला सांगू, त्रासही होता. बिलं काढताना लाईट गेली की इंडेक्स फाईल (कुठली नोंद कुठे आहे ती सूची) खराब. मग सभासद क्रमांक ११२ मागितला की १४७ चं दूध दिसायचं. म्हणून संस्थेच्या लेखनिकाला शिकवून ठेवलेलं: सकाळी उदबत्ती लावायची, मग रीइंडेक्स मारायचं, मग पहिली किटली उघडायची.

एस्क्यूएल_ताई

करवीरचा_कोडर, टेबलं किती होणार हा प्रश्न नंतरचा. तुमच्या तक्त्यात एक ओळ म्हणजे काय, हे आधी एका वाक्यात लिहून बघा.

आत्ता ते वाक्य असं होतं: 'एका सभासदाचे दहा दिवस, कधी म्हशीचे, कधी गायीचे, त्यात त्याची उचल आणि पेंडसुद्धा'. चार वेगवेगळ्या गोष्टी एका ओळीत कोंबल्यात. आता हे वाचा: 'एका सभासदाने एका दिवशी, एका वेळी, एका प्रकारचं घातलेलं दूध'. ही झाली ओळ. मग रकाने आपोआप ठरतात: सभासद क्रमांक, तारीख, सकाळ की संध्याकाळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ. बाळासोंच्या गायीला वेगळा सभासद व्हायची गरज उरत नाही.

एक साधी चाचणी सांगते. महिन्याचं तिसरं बिल २१ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचं असेल ना? मग ३१ तारीख कुठल्या रकान्यात जाते?

करवीरचा_कोडर

ताई, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. ३१ तारखेसाठी काकांनी शेवटी, देय रकमेच्याही पलीकडे सहा रकाने जोडलेत. बेरजेच्या सूत्रात ते हाताने घालावे लागतात. मागच्या वर्षी एकदा राहिले. अख्ख्या गावाचं एका दिवसाचं दूध बिलातून गायब. फेब्रुवारीत उलटं, दोन दिवसांचे रकाने मोकळे राहतात आणि काका त्यात शून्य भरतात, 'बरं दिसावं म्हणून'.

नल_म्हणजे_शून्य_नव्हे

माझ्या नावाला जागून लिहितो (नल म्हणजे डेटाबेसमधला मोकळा खण). त्या शून्यांनी सरासरी फॅटची वाट लागली असणार. एक्सेलचं सरासरीचं सूत्र मोकळा सेल सोडून देतं, पण शून्य धरतं. आठ दिवस ७.० फॅट लागलेल्या म्हशीची दहा दिवसांची सरासरी ५.६ येते. मालक म्हणणार, म्हैस बदलली की मशीन बिघडलं?

आणि तसंही फॅटची नुसती सरासरी काढू नका. सकाळी ६ लिटरला ६.५ आणि संध्याकाळी २ लिटरला ७.५ लागली तर उत्तर ७ नाही, ६.७५ आहे. लिटर गुणिले फॅट, त्याची बेरीज, भागिले एकूण लिटर. दर वेळच्या दुधाला एक ओळ असेल तर हे एका ओळीच्या क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) होतं. ६० रकान्यांत ते सूत्र लिहून दाखवा, मी मिसळ देतो.

अजून एक. मोकळा सेल म्हणजे त्या दिवशी दूध आलं नाही, की आलं पण लिहायचं राहिलं? तक्ता काय किंवा टेबल काय, दोघांनाही हे आपोआप कळत नाही. 'आजची सकाळ पूर्ण झाली' अशी वेगळी नोंद ठेवा.

गुळाचा_रवा

सगळे एकाच सुरात गायला लागले म्हणून मुद्दाम उलटं लिहितो. आमची शाहू मार्केट यार्डात गुळाची अडत. गुऱ्हाळवाल्याचं नाव, रवे (गुळाच्या ढेपा), वजन, सौदा, त्यातून अडत-हमाली-तोलाई वजा, पट्टी तयार. दहा-बारा रकाने, एक शीट, लिहिणारा एकच माणूस (वडील). अनेक हंगाम सुरळीत चालू आहे.

मध्ये एकाकडून 'पद्धतशीर' सॉफ्टवेअर करून घेतलं होतं. टेबलं-बिबलं सगळं होतं आत. दोन वर्षांनी त्या माणसाने फोन उचलायचं बंद केलं. डेटा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसच्या फाईलमध्ये, पासवर्ड त्याच्यापाशी. सौदे सुरू आणि आमच्या हातात पाटी-पेन्सिल. त्या दिवसापासून वडिलांचा नियम: जी फाईल मला उघडता येत नाही ती माझ्या दुकानात नको. एक्सेल कुणीही उघडतं, सीएला मेल केलं तर त्यालाही समजतं. तुम्ही सॉफ्टवेअरवाले ढेकूण मारायला तोफ काढता, मग तोफेचा गोळा आमच्याच दारात पडतो.

एस्क्यूएल_ताई

गुळाचा_रवा, तुमच्या वडिलांचा नियम सोळा आणे खरा. पण तो पासवर्डवर आणि त्या माणसावर राग आहे, टेबलांवर नव्हे. आणि तुमच्या शीटमध्ये मुळात एक ओळ म्हणजे एक सौदा आहे ना? म्हणून ती चालते. तुमचा तक्ता सपाट असून सरळ आहे. कोडरच्या काकांचा सपाट असून आडवा वाढलाय. आडवं वाढणं वाईट. खाली वाढावं.

तूर्त_पुणेकर

शीर्षक वाचून मला वाटलं रिलेशनल विरुद्ध टॅब्युलर मॉडेल, म्हणून घाईघाईने आलो. आमच्याकडे टॅब्युलर म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ॲनालिसिस सर्व्हिसेस या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधलं, २०१२ पासूनचं. त्याच्याआधी क्यूब (अनेक मितींत मांडलेला डेटा) असायचे. टॅब्युलरमध्ये डेटा रकान्यागणिक साठवून दाबून ठेवतात, मेमरीतून वाचतात, आणि डॅक्स या सूत्रांच्या भाषेत हिशेब लिहितात. पॉवर बीआय या रिपोर्टच्या सॉफ्टवेअरच्या पोटात तेच इंजिन आहे. लाखो ओळींची बेरीज चुटकीसरशी. पण रोजच्या नोंदी करायची ती जागा नव्हे. नोंदी रिलेशनलमध्ये, विश्लेषण टॅब्युलरमध्ये. आणि गंमत म्हणजे त्या टॅब्युलरमध्येही टेबलं आणि त्यांची नाती असतातच!

गंगावेस_कट्टा

२४० म्हशींसाठी ॲनालिसिस सर्व्हिसेस. पुण्याला गेलं की माणूस असा होतो.

तूर्त_पुणेकर

तूर्त आहे हो, तूर्त. मूळचा राजारामपुरीचा.

नल_म्हणजे_शून्य_नव्हे

अवांतर, पण नात्यांवरून आठवलं. 'रिलेशनल' हा शब्द टेबलांमधल्या नात्यांवरून आला असं बरेच जण शिकवतात. तसं नाही. गणितात 'रिलेशन' म्हणजे ठरावीक घटकांच्या क्रमवार गटांचा संच, आपल्या भाषेत तक्ताच. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मधल्या निबंधात तो शब्द घेतला. म्हणजे या धाग्याच्या शीर्षकाचा अर्थ 'तक्ता की तक्ता?' असा होतो. फरक एवढाच की कॉडच्या तक्त्यात ओळींना क्रम नाही, रकान्यांना क्रम नाही, तीच ओळ दोनदा नाही आणि एका खणात एकच किंमत. एक्सेलमध्ये यातलं काहीही बंधनकारक नाही. व्हिसिकॅल्क हे स्प्रेडशीट १९७९ मध्ये आलं तेच मुळी कागदावरच्या हिशेबाची जागा घ्यायला. कागदावर माणूस समासातही लिहितो.

शिरोलीची_हीट

फाउंड्रीतला अनुभव. आमच्याकडे एका हीटच्या (भट्टीतल्या एका वितळणीच्या) धातूतून वेगवेगळ्या पार्टची कास्टिंग ओततात. क्वालिटीच्या एक्सेलमध्ये दर पार्टला एक ओळ आणि प्रत्येक ओळीत हीट नंबर, कार्बन, सिलिकॉन, मँगनीज परत परत. एकदा लॅबने एका हीटचा कार्बन ३.४ चा ३.२ असा दुरुस्त करून दिला. त्या हीटच्या ओळी अकरा. पोराने फिल्टर लावून बदलल्या, पण तीन ओळींत हीट नंबरच्या मागे स्पेस पडलेली, त्या फिल्टरमध्ये आल्याच नाहीत. पुढे गिऱ्हाइकाचं ऑडिट आलं. एकाच हीटचा कार्बन दोन प्रकारचा. ऑडिटर शांतपणे म्हणाला, "यातला खरा कुठला तेवढं सांगा." कुणालाच सांगता येईना.

आता हीटचं टेबल वेगळं. कार्बन एकाच जागी. कास्टिंगच्या ओळीत फक्त हीट नंबर, आणि टेबलात नसलेला हीट नंबर टाकला तर फॉरीन की (दुसऱ्या टेबलात ती नोंद आहे का हे तपासणारा नियम) जागेवर अडवते. पहिले आठ दिवस शॉपवरची पोरं शिव्या घालत होती, 'घेतच नाही हे'. न घेणं हेच त्याचं काम आहे मर्दा.

चंदेरी_हुपरी

टेबलं वेगळी करा, पण हाताला येईल तेवढीच. आमच्या चांदीच्या धंद्यात कारागिराला चांदी दिली, दागिना परत आला, टंच (शुद्धता), घट (कामात घटलेलं वजन), मजुरी, एवढाच व्यवहार. भाच्याने प्रोजेक्ट म्हणून डेटाबेस करून दिला. जिल्हा, तालुका, गाव, गल्ली प्रत्येकाचं टेबल. कारागिराचा पत्ता छापायला पाच टेबलं जोडायची. नवीन कारागीर आला की आधी त्याची गल्ली नोंदवा! आम्ही सगळे कारागीर एकाच गल्लीत राहतात असं दाखवून टाकलं.

शिरोलीची_हीट

😂 याच्या उलटं टोकही बघितलंय. एकाने 'लवचिक' म्हणून एकच टेबल केलं: वस्तू, गुणधर्म, किंमत. सगळं त्यात. 'हीट ४१७, कार्बन, ३.२'. 'हीट ४१७, तापमान, बरं आहे'. काहीही घालता येत होतं, म्हणून लोकांनी काहीही घातलं.

फॉक्सप्रो_आजोबा

ताटाचं उदाहरण घ्या. तांबडा वेगळ्या वाटीत, पांढरा वेगळ्या वाटीत, सुकं वेगळं. खाणारा हवं तसं कालवून घेतो. हे रिलेशनल. मिसळीत वाढणाऱ्यानेच सगळं एकत्र केलेलं असतं, चमचा घातला की संपलं. पण एकदा कालवल्यावर त्यातली मटकी परत वेगळी काढून दाखवा. म्हणून साठवताना वाट्या, वाढताना मिसळ.

गंगावेस_कट्टा

आजोबा, कट वेगळा देतात आमच्याकडे. मॉडेल चुकलं.

शिरोळ_तालुका

विषयांतर करतो, क्षमस्व. टेबलं पाच करा नाही तर पन्नास, फाईल ठेवणार कुठे? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या संस्थेत पाणी शिरलं. कॉम्प्युटर टेबलावर होता, टेबल पाण्यात. बॅकअप होता, पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह कुठे? कॉम्प्युटरलाच लावलेला. माळ्यावर रजिस्टरं होती म्हणून बिलं देता आली. २०२१ ला पाणी परत आलं तेव्हा फाईल रोज रात्री मुलीच्या मेलवर जात होती. मुलगी सांगलीत, म्हणजे पूर तिथेही, पण मेलला पूर येत नाही.

एस्क्यूएल_ताई

हे विषयांतर नाही. कोडर, म्हणूनच मोठा सर्व्हर-बिर्व्हर काढू नका. एसक्यूलाइट घ्या. अख्खा डेटाबेस म्हणजे एक फाईल, कॉपी करून मेलवर टाकता येते, पासवर्ड नाही, आणि उघडायची फुकट साधनं ढिगाने आहेत. गुळाचा_रवा यांच्या वडिलांच्या नियमात बसतं.

एक विचारायचं राहिलं. दर कुठून येतो?

करवीरचा_कोडर

दरपत्रकाची वेगळी फाईल आहे, त्यातून व्हीलुकअपने (एक्सेलचं शोधून आणायचं सूत्र). आणि हो, तुम्ही काय विचारणार ते कळलं. दर बदलला की काका तीच फाईल बदलतात. जुनी बिलं उघडली आणि लिंक अपडेट करायला हो म्हटलं की त्यांचे आकडे बदलतात. एका सभासदाने सहा महिन्यांपूर्वीच्या बिलाची नक्कल मागितली, तर छापलेली रक्कम वेगळी निघाली. चारचौघांत वाद झाला. तेव्हापासून काका बिल झालं की सगळं फक्त किंमती म्हणून पेस्ट करतात. आठवण राहिली तर.

एस्क्यूएल_ताई

दरपत्रकात 'कधीपासून लागू' ही तारीख हवी. जुना दर पुसायचा नाही, खाली नवी ओळ घालायची. आणि बिल तयार झालं की लावलेला दर त्या बिलाच्या ओळीतही लिहून ठेवा.

तूर्त_पुणेकर

मग तोच दर दोन जागी नाही का झाला? आत्ताच वर कार्बनवरून एवढं रामायण झालं.

एस्क्यूएल_ताई

चांगली शंका. दरपत्रक सांगतं की दर काय असायला हवा. बिल सांगतं की आम्ही काय दिला. उद्या दरपत्रकात चूक सापडून दुरुस्त झाली तरी दिलेले पैसे बदलत नाहीत. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, योगायोगाने आकडा सारखा. हीटचा कार्बन मात्र एकच असतो.

शिरोलीची_हीट

लय भारी. हे आमच्या ऑडिटरला ऐकवतो.

नल_म्हणजे_शून्य_नव्हे

तक्त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांसाठी थोडं गणित. २४० सभासद, दिवसाला दोन वेळा, वर्षाला १,७५,२०० ओळी. एक्सेलच्या शीटमध्ये २००७ पासून १०,४८,५७६ ओळी बसतात, म्हणजे सहा वर्षं पुरी व्हायच्या आतच भरेल. जुन्या एक्सएलएस फाईलमध्ये ६५,५३६, म्हणजे साडेचार महिने. हसू नका, २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी आकडेवारीत वेळेत आल्या नाहीत, ते याच जुन्या फाईलच्या मर्यादेपायी.

शिवाय बँक खात्याचा क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर एक्सेल ते शून्य खातं, आणि १५ च्या पुढचे अंक शून्य करतं. गट नंबर १२/३ ची तारीख होते. जनुकांची नावंही सुटली नाहीत, मार्च१ आणि सेप्ट१ च्या तारखा व्हायच्या. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलला समजवण्यापेक्षा ते सोपं पडलं.

गुळाचा_रवा

हे मात्र झालंय. आमच्या एका गुऱ्हाळवाल्याचा गट नंबर ३ डिसेंबर आहे.

करवीरचा_कोडर

धागा वर काढतोय, पंधरा दिवसांनी. केलं काय ते सांगतो.

एसक्यूलाइट, पाच टेबलं: सभासद, संकलन, दरपत्रक (लागू तारखेसह), कपात, बिल. गल्लीचं टेबल नाही, हुपरीकरांचे आभार. जुन्या फाईलींमधून आडवा डेटा उभा करायला दोन रविवार गेले. 'बिल फायनल' आणि 'बिल फायनल खरं' यातलं खरं कुठलं ते छापील बिलांवरून लावलं. बाळासोंच्या गायीचं सभासदत्व रद्द झालं.

पण पडद्यावर काकांना त्यांचा तोच तक्ता दिसतो. तीच २४० नावं, तेच रकाने, त्याच क्रमाने. एका खणात आकडा टाकला की आत संकलनात एक ओळ पडते. रकाने तारखेवरून तयार होतात, त्यामुळे ३१ तारीख आपल्या जागी आली. काका पहिल्या दिवशी म्हणाले, "काहीच बदललं नाही की रे. मग पंधरा दिवस काय करत होतास?" मी कौतुक म्हणून घेतलं. आजोबांच्या भाषेत, आत वाट्या, बाहेर मिसळ. रोज रात्री फाईल आणि एक साधी एक्सेल प्रत मेलवर जाते.

एकच गोष्ट अडली. जुन्या तक्त्यात काही नावं पिवळी आहेत. विचारलं तर म्हणाले, फिकट पिवळं म्हणजे उचल बाकी. ते सोपं, कपातीच्या टेबलावरून काढता येतं. पण सात नावं गडद पिवळी आहेत. ते काय, म्हटल्यावर काकांनी आधी दार लोटलं. "त्यांच्या किटलीकडे जरा लक्ष ठेवायचं." म्हणजे पाणी? "मी तसं म्हटलेलं नाही. आणि तू ते कुठं लिहायचं नाहीस. निवडणूक तोंडावर आहे. नुसता रंग ठेव." आता याला रकाना कसा करू?

एस्क्यूएल_ताई

रकान्याचं नाव 'रंग'. किंमत 'गडद पिवळा'. अर्थाचं टेबल करू नका.

फॉक्सप्रो_आजोबा

आमच्या वेळी रजिस्टरात नावाच्या उजवीकडे पेन्सिलीने एक टिंब असायचं. चेअरमनच्या नावापुढेही होतं.

गंगावेस_कट्टा

सातांत बाळासो आहेत का तेवढं सांगा, आम्ही त्यांच्याकडूनच दूध घेतो.